बॅडफिंगर : एका रॉक बँडचा उदय आणि अस्त
(करार, स्वामित्वधन आणि कलावंताचा हक्क यांच्या संदर्भात)

गोषवारा

लोकप्रिय संगीताच्या इतिहासात एखाद्या वाद्यवृंदाचा अस्त झाला की त्याचे कारण बहुधा कलावंतांचे आपसांतील मतभेद, व्यसनाधीनता किंवा बदललेली लोकरुची यांत शोधले जाते. ब्रिटनमधील 'बॅडफिंगर' या रॉक बँडची वाटचाल मात्र या रूढ स्पष्टीकरणांत बसत नाही. १९७० ते १९७२ या अवघ्या तीन वर्षांत चार गाणी जगभर लोकप्रिय करणारा हा बँड १९७५ पर्यंत पूर्णतः निर्धन झाला. त्याच्या दोन प्रमुख गीतकारांनी पुढे आत्महत्या केली. प्रस्तुत लेखात या बँडच्या उदयाची कारणे, त्याच्या आर्थिक व्यवहारांची रचना आणि त्या रचनेतून ओढवलेला अस्त यांचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : रॉक संगीत, स्वामित्वधन, व्यवस्थापन करार, प्रताधिकार, ॲपल रेकॉर्ड्स

प्रस्तावना

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटन आणि अमेरिकेत ध्वनिमुद्रित संगीत हा एक मोठा उद्योग म्हणून उभा राहिला. साठच्या दशकात 'द बीटल्स'च्या यशाने या उद्योगाचे स्वरूपच पालटले. तोपर्यंत गीतकार, संगीतकार, गायक आणि वादक ही बहुतेक वेळा वेगवेगळी माणसे असत. बीटल्सनंतर, आपली गाणी आपणच रचणारा, गाणारा आणि वाजवणारा चार-पाच तरुणांचा समूह हे रॉक संगीताचे प्रमाण रूप ठरले. या बदलामुळे कलावंताला सर्जनाचे अभूतपूर्व स्वातंत्र्य मिळाले. परंतु त्याचबरोबर एकाच समूहाकडे अनेक प्रकारचे आर्थिक हक्क एकवटले. गाणे रचल्याचा हक्क, ते ध्वनिमुद्रित केल्याचा हक्क, प्रत्यक्ष कार्यक्रमांचे उत्पन्न आणि बँडच्या नावाचे मूल्य या चारही गोष्टींचा हिशेब ठेवणे वीस-बावीस वर्षांच्या तरुणांच्या आवाक्यातले नव्हते. ही पोकळी व्यवस्थापक नावाच्या मध्यस्थाने भरून काढली.

बॅडफिंगरची कथा ही या मध्यस्थाच्या भूमिकेची आणि तिच्या मर्यादांची कथा आहे. कला, वाणिज्य आणि विधी या तिन्ही विद्याशाखांच्या अभ्यासकांना तिच्यात विचार करण्याजोगे बरेच काही सापडते.

स्वान्सी ते लंडन : पूर्वपीठिका

वेल्समधील स्वान्सी हे बंदराचे शहर. साठच्या दशकाच्या आरंभी तेथील काही तरुणांनी एक वाद्यवृंद सुरू केला. शहरातील आयव्ही प्लेस या रस्त्याच्या नावावरून पुढे त्याला 'द आयव्हीज' असे नाव पडले. पीट हॅम (जन्म २७ एप्रिल १९४७) हे या समूहाचे प्रमुख गायक, गिटारवादक आणि गीतकार होते. रॉन ग्रिफिथ्स बास गिटार वाजवीत, तर ड्रमवादक माइक गिबिन्स १९६५ मध्ये समूहात आले. १९६६ मध्ये बिल कॉलिन्स या अनुभवी संगीतकाराने त्यांचे व्यवस्थापन स्वीकारले आणि सर्वांना लंडनच्या गोल्डर्स ग्रीन भागातील एका घरात राहावयास आणले. १९६७ मध्ये लिव्हरपूलचे टॉम इव्हान्स हे समूहात दाखल झाले. हॅम आणि इव्हान्स ही गीतकारांची जोडी येथे जमली.

लंडनमधील या घरात सर्वांचे राहणे-जेवणे एकत्र होते. कार्यक्रमांचे उत्पन्न एकत्र जमा होई आणि त्यातूनच घरखर्च चाले. एखाद्या एकत्र कुटुंबासारखी ही व्यवस्था होती. तिच्यात आपलेपणा होता, पण लेखी हिशेबाची सवय नव्हती. पुढील घटनांच्या संदर्भात ही बाब लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

१९६८ मध्ये बीटल्सनी 'ॲपल' ही स्वतःची कंपनी काढली. नव्या कलावंतांना संधी देणे हा तिचा एक जाहीर हेतू होता. बीटल्सचे सहायक मॅल इव्हान्स यांनी आयव्हीजच्या ध्वनिफिती चिकाटीने चौघा बीटल्सपर्यंत पोहोचविल्या आणि १९६८ च्या जुलैमध्ये या समूहाचा ॲपल रेकॉर्ड्सशी करार झाला. 'मेबी टुमॉरो' हे इव्हान्स यांचे गाणे त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. युरोपातील काही देशांत ते गाजले; परंतु ब्रिटनमध्ये त्याला यश मिळाले नाही.

उदय : १९६९ ते १९७२

१९६९ मध्ये पॉल मॅकार्टनी यांनी 'द मॅजिक ख्रिश्चन' या चित्रपटासाठी लिहिलेले 'कम अँड गेट इट' हे गाणे आयव्हीजना दिले. त्याचा नमुना मॅकार्टनी यांनी २४ जुलै १९६९ रोजी ॲबी रोड स्टुडिओत एकट्याने ध्वनिमुद्रित केला होता. त्या नमुन्याबरहुकूम गाणे वाजवावे, अशी त्यांची सूचना होती. याच सुमारास समूहाचे नाव बदलून 'बॅडफिंगर' असे ठेवण्यात आले. बीटल्सच्या एका गाण्याच्या आरंभीच्या कच्च्या शीर्षकातून हे नाव घेतलेले होते. ग्रिफिथ्स बाहेर पडले आणि लिव्हरपूलचे गिटारवादक जोई मॉलंड आत आले. हॅम, इव्हान्स, गिबिन्स आणि मॉलंड हा या बँडचा सर्वज्ञात संच होय.

'कम अँड गेट इट' ब्रिटनच्या विक्री-क्रमवारीत चौथ्या आणि अमेरिकेत सातव्या स्थानी पोहोचले. तथापि, ज्यांच्या छायेत हा बँड वाढला त्यांचेच गाणे गाऊन मिळालेले हे यश दुधारी होते. 'बीटल्सचे अनुयायी' हा शिक्का बॅडफिंगरवर कायमचा बसला. तो पुसण्याचे काम हॅम यांच्या स्वतःच्या रचनांनी केले. 'नो मॅटर व्हॉट' (१९७०) हे गाणे ब्रिटनमध्ये पाचवे आणि अमेरिकेत आठवे आले. 'डे आफ्टर डे' (१९७१) अमेरिकेत चौथ्या क्रमांकावर गेले, तर 'बेबी ब्लू' १९७२ मध्ये तेथे चौदाव्या क्रमांकापर्यंत पोहोचले. ठसठशीत गिटार, सुरेल चाल आणि अनेक आवाजांची मिळणी या गुणांमुळे 'पॉवर पॉप' या नावाने पुढे ओळखल्या गेलेल्या शैलीच्या आद्य प्रवर्तकांत बॅडफिंगरची गणना होते.

याच काळात या वादकांचा बीटल्सच्या वैयक्तिक प्रकल्पांतही वावर होता. जॉर्ज हॅरिसन यांच्या 'ऑल थिंग्ज मस्ट पास' (१९७०) या संचात बॅडफिंगरच्या वादकांची साथ आहे. जॉन लेनन यांच्या 'इमॅजिन' (१९७१) या संचात इव्हान्स आणि मॉलंड यांनी गिटार वाजविली आहे.

बांगलादेशासाठीचा कार्यक्रम आणि भारतीय संदर्भ

बॅडफिंगरचा भारतीय संगीताशी आलेला संबंध थोडका, पण अर्थपूर्ण आहे. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातील निर्वासितांच्या हालअपेष्टांनी व्यथित होऊन पंडित रविशंकर यांनी हॅरिसन यांना साहाय्याची विनंती केली. १९६२ मध्ये मुंबईत 'किन्नर' ही संगीतशाळा स्थापन करणारे रविशंकर तोवर पाश्चात्त्य जगातही सुप्रतिष्ठित झाले होते. त्यांच्या विनंतीतून १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दोन कार्यक्रम झाले. आरंभी रविशंकर, उस्ताद अली अकबर खाँ, उस्ताद अल्लारखा आणि कमला चक्रवर्ती यांनी भारतीय संगीत सादर केले. त्यानंतरच्या भागात बॅडफिंगरचे वादक साथीला होते. 'हिअर कम्स द सन' हे गाणे हॅरिसन आणि पीट हॅम या दोघांनी केवळ दोन गिटारींवर सादर केले.

त्या वेळी हॅरिसन बॅडफिंगरच्या 'स्ट्रेट अप' या संचाची निर्मिती करीत होते. कार्यक्रमाच्या तयारीसाठी त्यांना ते काम अर्ध्यावर सोडावे लागले आणि पुढे टॉड रंडग्रेन यांनी ते पूर्ण केले. विशेष म्हणजे, या मदत कार्यक्रमाच्या निधीचा इतिहासही प्रस्तुत विषयाशी जुळणारा आहे. तिकीटविक्रीची सुमारे दोन लक्ष त्रेचाळीस हजार डॉलरची रक्कम युनिसेफला लगेच मिळाली. परंतु कार्यक्रमापूर्वी आवश्यक ती कायदेशीर तरतूद झालेली नसल्याने ध्वनिमुद्रिका आणि चित्रपट यांचे उत्पन्न अमेरिकी करखात्याच्या आक्षेपामुळे दीर्घकाळ अडकून पडले. हेतू कितीही शुद्ध असला तरी पैशाचा मार्ग आधी कागदावर आखला नसेल तर तो इच्छित स्थळी पोहोचत नाही, हा धडा त्याच रंगमंचावर उभ्या असलेल्या बॅडफिंगरच्या वादकांना पुढे फार कठोरपणे मिळावयाचा होता.

'विदाउट यू' : एका गाण्याचे भवितव्य

१९७० च्या 'नो डाइस' या संचात 'विदाउट यू' हे गाणे होते. हॅम यांच्याकडे एका गाण्याचे कडवे होते, पण ध्रुपद मनाजोगे साधत नव्हते. इव्हान्स यांच्याकडे ध्रुपद होते, पण कडवे नव्हते. दोन अपुऱ्या रचना जोडून एक गाणे तयार झाले. बॅडफिंगरला स्वतःला त्याचे मोल फारसे जाणवले नसावे. कारण ब्रिटन-अमेरिकेत त्यांनी ते स्वतंत्र तबकडी म्हणून काढले नाही.

अमेरिकी गायक हॅरी निल्सन यांनी ते १९७१ मध्ये नव्या वाद्यमेळासह गायिले. १९७२ मध्ये ते अमेरिकेत सलग चार आठवडे आणि ब्रिटनमध्ये पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. १९९४ मध्ये मराया कॅरी यांनी गायिलेली आवृत्तीही ब्रिटनमध्ये प्रथम क्रमांकावर पोहोचली. म्हणजे एका गाण्याने दोन पिढ्यांत दोनदा शिखर गाठले.

येथे एक तांत्रिक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. प्रत्येक ध्वनिमुद्रित गाण्यात दोन स्वतंत्र मालमत्ता असतात. पहिली म्हणजे शब्द आणि चाल यांची रचना. दुसरी म्हणजे त्या रचनेचे विशिष्ट ध्वनिमुद्रण. निल्सन यांच्या तबकडीच्या ध्वनिमुद्रणाचा मोबदला गायक व त्याच्या कंपनीकडे जातो. परंतु रचनेचा मोबदला गीतकारांकडे आणि त्यांच्या प्रकाशकाकडे जातो. तबकडीची प्रत्येक प्रत विकली गेली, नभोवाणीवर गाणे वाजले, दुसऱ्या कोणी ते गायिले, की रचनेचे स्वामित्वधन जमा होत राहते. त्यामुळे हॅम आणि इव्हान्स यांनी आयुष्यात दुसरे काहीही लिहिले नसते, तरी हे एक गाणे त्यांच्या निर्वाहास पुरेसे ठरावयास हवे होते. प्रत्यक्षात तसे घडले नाही. ते का घडले नाही, हा या अभ्यासातील कळीचा प्रश्न होय.

पैशाचा प्रवाह आणि त्याची दिशा

१९७० च्या अखेरीस बॅडफिंगरने न्यूयॉर्कचे व्यावसायिक व्यवस्थापक स्टॅन पॉली यांच्याशी करार केला. बिल कॉलिन्स हे ब्रिटनमधील दैनंदिन व्यवस्था पाहत राहिले, पण अर्थव्यवहार पॉली यांच्याकडे गेला. अमेरिकेतील वाढत्या कार्यक्रमांमुळे तेथील कर आणि कायदे जाणणारा माणूस हवा, ही गरज खरी होती. पॉली यांनी 'बॅडफिंगर एंटरप्रायझेस' ही कंपनी उभी केली. कार्यक्रमांचे उत्पन्न, ध्वनिमुद्रणांचे स्वामित्वधन, गीतप्रकाशनाचे उत्पन्न, एवढेच नव्हे तर गीतकारांना व्यक्तिशः मिळणारे सादरीकरणाचे स्वामित्वधनदेखील पॉली यांच्या नियंत्रणाखालील कंपन्यांत जमा होऊ लागले. त्यातून कलावंतांना ठरावीक पगार दिला जाई.

करबचत आणि नियमित उत्पन्न या दृष्टींनी अशी रचना वरकरणी सोयीची दिसते. पण तिच्यामुळे कलावंत हे आपल्याच उत्पन्नाचे मालक न राहता त्या उत्पन्नावर पोसले जाणारे नोकर बनले. ८ डिसेंबर १९७० ते ३१ ऑक्टोबर १९७१ या कालावधीचे जे आर्थिक विवरण पुढे उजेडात आले, त्यातील आकडे पुरेसे बोलके आहेत.

तक्ता क्र. १ : विवरणातील प्रमुख रकमा (डॉलरमध्ये)

जोई मॉलंड (पगार व उचल) : ८,३३९
माइक गिबिन्स (पगार व उचल) : ६,८६१
टॉम इव्हान्स (पगार व उचल) : ६,२११
पीट हॅम (पगार व उचल) : ५,९५९
कंपनीचा निव्वळ नफा : २४,५६९
व्यवस्थापन दलाली : ७५,७४४

चारही कलावंतांना मिळून २७,३७० डॉलर मिळाले, तर व्यवस्थापनाची दलाली त्यांच्या एकत्रित रकमेच्या पावणेतीनपट होती. सर्वाधिक यशस्वी गाणी लिहिणारे पीट हॅम हे या यादीत सर्वांत तळाशी आहेत, ही बाब विशेष लक्षणीय आहे. जो अधिक निर्मिती करतो त्याला अधिक मिळावे, हे स्वामित्वधनाचे मूलतत्त्वच पगाराच्या रचनेने पुसून टाकले.

कलावंतांनी हे मान्य का केले, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. त्याची तीन कारणे संभवतात. पहिले, एकत्र घर आणि एकत्र खर्च यांच्या सवयीमुळे वैयक्तिक हिशेब मागणे हे अविश्वासाचे लक्षण वाटत असे. दुसरे, ध्वनिमुद्रण उद्योगात पैसा विलंबानेच येतो. विक्री आणि स्वामित्वधन हाती पडणे यांत अनेक महिन्यांचे अंतर असते. त्यामुळे 'पैसा येत आहे' हे आश्वासन दीर्घकाळ खरे वाटू शकते. तिसरे, सदस्यांमध्ये या बाबतीत एकमत नव्हते. मॉलंड यांना व्यवस्थापनाविषयी संशय होता, तर हॅम यांचा पॉली यांच्यावर दीर्घकाळ विश्वास होता. आर्थिक प्रश्नावरील हा मतभेद पुढे व्यक्तिगत दुराव्यात परिणत झाला.

अस्त : १९७३ ते १९७५

सत्तरच्या दशकाच्या आरंभी ॲपल कंपनीची घडी विस्कटत चालली होती. बीटल्स विभक्त झाले होते, त्यांचे आपसांतील खटले चालू होते आणि नव्या कलावंतांकडे लक्ष द्यावयास कोणालाच सवड नव्हती. या परिस्थितीत पॉली यांनी वॉर्नर ब्रदर्स या अमेरिकी कंपनीशी बोलणी केली. सुमारे तीस लक्ष डॉलरचा म्हणून गाजलेला हा करार वरकरणी बँडचे भाग्य उजळविणारा होता. परंतु त्यानुसार बॅडफिंगरला दरवर्षी दोन संच द्यावयाचे होते. सतत दौरे करणाऱ्या आणि आपली गाणी आपणच लिहिणाऱ्या बँडला हे जवळजवळ अशक्य होते.

या घाईचा पहिला परिणाम लवकरच दिसला. ॲपलसाठीचा अखेरचा संच अमेरिकेत नोव्हेंबर १९७३ मध्ये आणि वॉर्नरसाठीचा पहिला संच फेब्रुवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच बँडचे दोन संच, दोन कंपन्यांकडून, तीन महिन्यांच्या अंतराने बाजारात आले आणि एकमेकांचे प्रतिस्पर्धी ठरले. ॲपलच्या संचाच्या मुखपृष्ठावर दूरच्या गाजराच्या मागे निघालेले गाढव चितारलेले होते. वॉर्नरच्या आमिषाकडे वळलेल्या बँडने स्वतःवरच केलेला हा विनोद पुढील घटनांमुळे विनोद उरला नाही.

करारानुसार आगाऊ रकमेपैकी काही भाग 'एस्क्रो' खात्यात ठेवावयाचा होता. दोन्ही पक्षांना पाहता येईल आणि अटी पूर्ण होईपर्यंत एकट्या पक्षाला उचलता येणार नाही, असे हे खाते असते. १९७४ मध्ये वॉर्नरच्या प्रकाशन विभागाने या पैशाचा ठावठिकाणा विचारला, तेव्हा समाधानकारक उत्तर मिळाले नाही. दरम्यान 'विश यू वेअर हिअर' हा संच नोव्हेंबर १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. समीक्षकांनी त्याचे स्वागत केले; अनेक जाणकार आजही त्याला या बँडची सर्वोत्तम कृती मानतात. पण डिसेंबर १९७४ मध्ये वॉर्नरने पॉली आणि बॅडफिंगर यांच्याविरुद्ध लॉस एंजेलिसच्या न्यायालयात दावा दाखल केला आणि काही आठवड्यांतच हा संच दुकानांतून काढून घेण्यात आला. ज्या रकमेच्या गैरव्यवहाराबद्दल दावा होता ती रक्कम कलावंतांनी पाहिलीही नव्हती. तरीही कराराच्या दृष्टीने तेच एक पक्ष होते.

मॉलंड याच सुमारास बँडमधून बाहेर पडले. उरलेले हॅम, इव्हान्स, गिबिन्स आणि नव्याने आलेले बॉब जॅक्सन यांनी डिसेंबर १९७४ मध्ये 'हेड फर्स्ट' हा संच घाईने ध्वनिमुद्रित केला. दावा चालू असल्याने वॉर्नरने तो स्वीकारला नाही. तो प्रत्यक्ष प्रसिद्ध व्हावयास २००० साल उजाडावे लागले. १९७५ च्या आरंभी पगार थांबले. दुसरे व्यवस्थापन मिळावे म्हणून धडपड झाली. परंतु न्यायालयीन गुंत्यात अडकलेल्या बँडची जबाबदारी घेण्यास कोणी धजले नाही. जुना करार मोडता येत नाही आणि नवा करार मिळत नाही, अशी ही कोंडी होती.

हॅम यांनी नुकतेच घर घेतले होते आणि त्यांच्या सहचारिणीला अपत्य होणार होते. २४ एप्रिल १९७५ रोजी, अठ्ठाविसाव्या वाढदिवसाच्या तीन दिवस आधी, त्यांनी आत्महत्या केली. मागे ठेवलेल्या चिठ्ठीत त्यांनी पॉली यांना दोष दिला होता. पुढील महिन्यात त्यांच्या कन्येचा जन्म झाला. बँड तेथेच संपला.

उत्तरकांड

काही वर्षांनी इव्हान्स आणि मॉलंड पुन्हा एकत्र आले. 'एअरवेव्ह्ज' (१९७९) आणि 'से नो मोअर' (१९८१) हे दोन संच निघाले. पण पूर्वीचे यश परतले नाही. त्यानंतर दोघेही वेगळे झाले आणि काही काळ 'बॅडफिंगर' याच नावाचे दोन प्रतिस्पर्धी बँड अमेरिकेत कार्यक्रम करीत होते. नावाची मालकी कोणाची, हेही लेखी ठरलेले नव्हते. अडकलेल्या उत्पन्नाची, विशेषतः 'विदाउट यू'च्या स्वामित्वधनाची वाटणी कशी व्हावी यावरून जुन्या सहकाऱ्यांत वाद वाढले. गाणे दोघांनी लिहिले म्हणून ते दोघांचेच, की एकत्र राबल्यामुळे सर्वांचे, असा तो पेच होता. १९ नोव्हेंबर १९८३ रोजी टॉम इव्हान्स यांनीही आत्महत्या केली.

ॲपलकडील अडकलेल्या स्वामित्वधनाचा प्रश्न १९८५ मध्ये न्यायालयीन तडजोडीने सुटला आणि सदस्यांना व दिवंगतांच्या वारसांना पैसे मिळू लागले. बॅडफिंगर प्रकरणात पॉली यांच्यावर फौजदारी दोष सिद्ध झाला नाही. मात्र १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातील एका वेगळ्या प्रकरणात त्यांनी निधीच्या अपहाराचे आरोप नाकारले नाहीत. २००९ मध्ये त्यांचे निधन झाले. गिबिन्स २००५ मध्ये, तर मॉलंड १ मार्च २०२५ रोजी निवर्तले. विख्यात संचातील चौघांपैकी आता कोणीही हयात नाही.

२७ एप्रिल २०१३ रोजी, हॅम यांच्या जन्मदिनी, स्वान्सी येथे त्यांच्या स्मरणार्थ नीलफलक बसविण्यात आला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये 'ब्रेकिंग बॅड' या अमेरिकी दूरदर्शन मालिकेच्या अखेरच्या प्रसंगात 'बेबी ब्लू' वाजले आणि एकेचाळीस वर्षांपूर्वीचे हे गाणे नव्या पिढीने मोठ्या संख्येने विकत घेतले.

विश्लेषण

बॅडफिंगरच्या अस्ताची दोन स्पष्टीकरणे दिली जातात. पहिल्यानुसार, सत्तरच्या दशकात रॉक संगीताची रुची पालटली आणि बीटल्सच्या वळणाचा हा बँड मागे पडला. हे स्पष्टीकरण अगदीच निराधार नाही. १९७२ नंतर त्यांचे एकही गाणे मोठ्या प्रमाणावर गाजले नाही. परंतु १९७४ च्या संचाचे झालेले स्वागत आणि १९९४ व २०१३ मध्ये त्यांच्या गाण्यांना पुन्हा लाभलेली लोकप्रियता पाहता, सर्जनशक्ती आटल्यामुळे हा बँड संपला असे म्हणता येत नाही.

दुसऱ्या स्पष्टीकरणानुसार, सारा दोष एका व्यवस्थापकाचा आहे. तेही अपुरे आहे. एका व्यक्तीला इतके अधिकार देणारी रचना आधी अस्तित्वात असावी लागते. या रचनेचे चार दोष स्पष्ट दिसतात. एक, सर्व प्रकारचे उत्पन्न एकाच मार्गाने आणि एकाच नियंत्रणाखाली जात होते. दोन, स्वतंत्र लेखापरीक्षणाची तरतूद नव्हती. तीन, गीतकार म्हणून असलेला वैयक्तिक हक्क आणि बँडचे सदस्य म्हणून असलेला सामूहिक हक्क यांची सीमारेषा आखलेली नव्हती. चार, करारातून बाहेर पडण्याचा व्यवहार्य मार्ग नव्हता. या चारांपैकी एक जरी दोष नसता, तरी हानी मर्यादित राहिली असती.

भारतीय अभ्यासकांच्या दृष्टीने तिसरा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. भारतीय प्रताधिकार कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने चित्रपटगीतांचे गीतकार आणि संगीतकार यांना चित्रपटगृहाबाहेरील वापरासाठी स्वामित्वधनाचा समान वाटा मिळविण्याचा हक्क दिला. कायदेशीर वारस आणि स्वामित्वधन गोळा करणाऱ्या अधिकृत संस्था वगळता इतर कोणाला तो हक्क लिहून देताही येत नाही. करारावर सही करताना दुर्बल असलेल्या पक्षाला त्याच्याच सहीपासून संरक्षण देणे, हे या तरतुदीचे मर्म आहे. हॅम आणि इव्हान्स यांना असे संरक्षण नव्हते.

निष्कर्ष

१. बॅडफिंगरच्या उदयास सदस्यांची गीतरचना-क्षमता आणि ॲपल कंपनीचे आरंभीचे पाठबळ हे दोन घटक कारणीभूत ठरले. दुसरा घटक ढासळताच बँड असुरक्षित झाला.

२. अस्ताचे मुख्य कारण कलात्मक नसून संरचनात्मक होते. उत्पन्न होते, पण ते निर्माण करणाऱ्यांपर्यंत पोहोचण्याचा मार्ग त्यांच्या हाती नव्हता.

३. परस्परविश्वास हा वाद्यवृंदाचा आत्मा असला तरी तो लेखी हिशेबाला पर्याय ठरू शकत नाही. किंबहुना, हिशेब स्पष्ट नसेल तर विश्वासच प्रथम नष्ट होतो. हॅम व मॉलंड आणि पुढे इव्हान्स व मॉलंड यांच्यातील दुरावा याची साक्ष देतो.

४. आर्थिक कोंडीत सापडलेल्या कलावंताची मानसिक अवस्था हा खाजगी विषय मानून दुर्लक्षिला जातो. ललित कला शिकविणाऱ्या महाविद्यालयांत करार, प्रताधिकार आणि हिशेब यांचे प्राथमिक शिक्षण देणे, तसेच अडचणीच्या वेळी कोणाकडे जावे याची माहिती विद्यार्थ्यांना असणे, ही चैन नसून गरज आहे.

'विदाउट यू' आजही जगात कोठे ना कोठे रोज गायिले जाते आणि त्याचे स्वामित्वधन आता योग्य खात्यांत जमा होते. ज्या दोघांनी आपापली अर्धी गाणी जोडून ते पूर्ण केले, त्यांच्या हयातीत मात्र ही व्यवस्था झाली नाही.